भोये सरांची मंडळी

“खाली ठेव! आधी खाली ठेव ते! अरे, ताक घुसळतोयस का तू?”

प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून भोये सर ओरडत होते. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही भान नव्हतं, त्यामुळे आवाज आतल्या आत घुमून दुप्पट होऊन बाहेर पडत होता. कॉलेजच्या फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला, आणि हा वॉचमन प्राचार्य आले तरी उठत नसे. मी दोन हातांत दोन फ्लास्क धरून जागच्या जागी थिजलो. फ्लास्कमध्ये लग्नातल्या सरबतासारखं गुलाबी पाणी होतं.

“किती दिवस हलवतोयस?”

“चार दिवस, सर. सकाळ-संध्याकाळ. तळाला गाळ बसत होता, म्हटलं जरा...”

“चार दिवस!” सर मटकन स्टुलावर बसले. “चार दिवस मी डोकं धरून बसलोय, रंग का जात नाही, रंग का जात नाही. आणि हा इथे पाळणा हलवतोय!”

माझी काय चूक? मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून नुकताच बदलून आलो होतो. तिकडे लोलक हलला नाही तर ओरडा बसायचा. इकडे हलला तर. नोकरी तीच, पगार तोच, फक्त ओरडा खायचं कारण बदललं.

दहा मिनिटांनी सर निवले. मग स्वतःच्या डब्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि समजावून सांगायला बसले. ते समजावून सांगायला बसले की समोरच्याने जेवून घ्यावं, कारण पुढे सवड मिळत नसे.

“हे बघ देवरे, या पाण्यात कपड्याचा रंग आहे आणि माझी मंडळी आहेत. मंडळींना श्वासाला हवा मिळाली तर ती रंगाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पुरणपोळी समोर असताना कारलं कोण खातं? पण हवा तोडली, पाणी निवांत ठेवलं, की नाइलाजाने रंगाला हात घालतात. रंगाच्या आत दोन जणांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. मंडळी ते हात सोडवतात. हात सुटले की रंग संपला. आणि तू काय केलंस? हलवून हलवून त्यांना चार दिवस पुरणपोळी वाढलीस!”

मंडळी म्हणजे बॅक्टेरिया. त्यांना जंतू म्हटलेलं सरांना खपत नसे, किडे म्हटलेलं तर मुळीच नाही. एका विद्यार्थिनीने तोंडी परीक्षेत ‘जंतूंचा नायनाट’ असा शब्द वापरला, तर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाळा, नायनाट करायचाच झाला तर आपला सोपा आहे. ते आपल्या आधीपासून आहेत.” मुलगी पास झाली, पण म्हणे पुढे महिनाभर हात धुताना तिला अपराध्यासारखं वाटे.

सर सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे. तिथून नाशिकला शिकायला आले आणि शिकवायला राहिले. शहरात तीस वर्षं काढूनही राग आला की त्यांची भाषा घाट चढून थेट पाड्यावर जाऊन बसे. मग ते काय बोलतात ते कुणालाच कळत नसे, आणि त्यामुळे त्यांचं कुणाशी कायमचं भांडण झालं नाही. मी नामपूरचा. मला ते माझ्याच बोलीत चिडवत, “काय शे रे देवरे, कांदा काय भाव?” भाव मला ठाऊक नसे. मी सांगून टाकी. तेही खरं मानत.

लोक गावोगावी देवळं बघतात, सर गटारं बघत. त्यांच्याबरोबर कुठे लग्नाला गेलं तर मांडवाच्या आधी ते मागच्या नाल्याशी. खिशात झाकणाच्या लहान बाटल्या कायम. चमचा सोबत. एकदा एका वरपित्याने त्यांना नाल्याकाठी चमच्याने चिखल उकरताना पाहिलं आणि पंगत पहिल्यांदा त्यांच्यासाठी बसवली. बिचाऱ्याला वाटलं, पाहुणा फारच भुकेला आहे.

तो चिखल स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात राही. रसायनशास्त्राच्या कुलकर्णी मॅडमनी तो डबा एकदा उघडला होता. त्यानंतर त्यांनी श्रीखंड सोडलं, फ्रिज सोडला आणि थोड्याच दिवसांत स्टाफरूमही सोडली. सरांना त्यात एकच दुःख होतं. “झाकण उघडं ठेवून गेल्या. मंडळींना हवा लागली.”

आता या माणसाची आणि शकूआक्काची गाठ पडणार हे विधिलिखितच म्हणायला हवं.

शकूआक्का येवल्याच्या. गावाबाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये चार चुली, चुलींवर पातेली, आणि पातेल्यांत पैठणीच्या रेशमाच्या लड्या बुडवून रंगवणाऱ्या चार बाया. नवरा गेल्यावर आक्काने धंदा एकटीने सांभाळला. हात कोपरापर्यंत रंगलेले. हाताकडे बघून आज कुठला रंग लावला ते सांगता यायचं, आणि चेहऱ्याकडे बघून आज कुणाची खैर नाही ते. रंगाचं उरलेलं पाणी शेडमागच्या चरातून वाहत जाई आणि वर्षानुवर्षं मुरत मुरत शेजारच्या रामनाथच्या विहिरीत उतरे. रामनाथची म्हैस गुलाबी दूध देते असं गावात बोललं जाई. मी ते दूध चहातून प्यालेलो आहे. पांढरंच होतं. पण दोन दिवस मला स्वप्नं गुलाबी पडली.

रामनाथने तक्रार केली. प्रदूषण खात्याचे साहेब येऊन बघून गेले. नोटीस आली: पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर काम बंद. साहेब पुन्हा येणार होते. शेड बंद झाली तर आक्का आणि त्या चार बायांच्या घरची चूल कशावर पेटणार, हा साधा प्रश्न होता. कुणीतरी आक्काला सांगितलं की नाशिकला एक मास्तर आहे, तो रंग खाणारे किडे पाळतो.

“मास्तर,” आक्का पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “तुमचे किडे कवा कामाला लागत्यात?”

“किडे नाहीत, आक्का. मंडळी.”

“बरं, मंडळी. बसवायची कुठं त्यानला?”

सरांनी त्या चरातलाच चिखल चमच्याने उकरला, नाकाला लावला, आणि एखाद्या जावयाला तूप आवडावं तसा त्यांचा चेहरा झाला. “आक्का, मंडळी तुमच्याकडेच आहेत. इतकी वर्षं तुमचा रंग खाऊनच जगतायत. फक्त त्यांना नीट घर नाही.”

घर बांधलं. सिमेंटच्या दोन टाक्या. पहिलीवर झाकण, आत पाणी निवांत. तिथे रंग जायचा. दुसरी उघडी, तिच्यात माशांच्या टाकीला लावतात तसल्या पंपाने हवेचे बुडबुडे. मी म्हटलं, “सर, हवा दिली की मंडळी बिघडतात ना?”

“ही दुसरी मंडळी. रंगाचे हात सुटले की मागे जे तुकडे उरतात ते दिसत नाहीत, पण रंगापेक्षा वाईट असू शकतात. ते खाणाऱ्यांना हवा लागते. रंग गेला म्हणजे विष गेलं, असं नाही देवरे. हे लोकांना सांगताना माझी जीभ झिजली.”

खायला काय? कॉलेजात महागडी पावडर होती. सरांनी इथे नागलीची पातळ पेज चालू केली. आक्का रोज सकाळी पेज करायच्या, कोमट झाली की टाकीत ओतायच्या आणि झाकणाला हात लावून म्हणायच्या, “जेवा रं.” पहिल्या आठवड्यात ते चेष्टेने होतं. दुसऱ्या आठवड्यात त्या पेजेत चिमूटभर गूळ घालू लागल्या. सर म्हणाले, गूळ चालेल. आक्का म्हणाल्या, मी इचारलं नव्हतं.

आणि रंग जाऊ लागला! जांभळा आत टाकावा, तीन दिवसांनी फिका चहा बाहेर. मी तर नामपूरला जाऊन सांगितलं की पाण्यात तोंड बघून दाढी करता येते. दुसऱ्या टाकीतून निघालेल्या पाण्यावर सर मूग भिजवत. पेल्यात टिपकागदावर दहा मूग, वर पाणी, दोन दिवस वाट. मोड आले तर पाणी चांगलं. “यंत्राला पटवता येतं, मुगाला नाही,” म्हणायचे. मुगाला मोड आले. सर त्या दिवशी शेडमध्ये सगळ्या बायांना एकेक मोड दाखवत फिरले, जणू बारशाला आले होते.

सोमवारी साहेब येणार होते. शुक्रवारी सर आणि मी सहज एक फेरी मारायला गेलो.

शेडसमोर सडा होता. टाक्यांभोवती रांगोळी होती. टाक्या आतून अशा पांढऱ्याशुभ्र, की डोळे दिपावेत. आक्का पदराला हात पुसत समोर आल्या, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघण्याचा भाव.

“सर, पाव्हणा येणार म्हणल्यावर कसं हाय, घर झाडाया नको? काल आम्ही पाची जणींनी दोन्ही टाक्या खराट्यानं घासल्या. ह्येवढा चिखल निघला, ह्येवढा! काळा, बुळबुळीत. समदा लांब नेऊन टाकला. मंग पाण्याच्या टाकीवाल्याकडनं टीसीएल पावडर आणली, ती टाकून धुतल्या. वास बगा, येतो का?”

चिखलाचा वास येत नव्हता. विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर. जंतू नाशच पावले होते.

सर पुढे झाले. टाकीच्या कठड्यावर हात ठेवून आत बघत राहिले. मी त्यांना पाड्याच्या भाषेत, कॉलेजच्या भाषेत, हेल्मेटमधून आणि हेल्मेटशिवाय ओरडताना पाहिलं होतं. गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, मला पळून जावंसं वाटलं.

“आक्का,” शेवटी ते म्हणाले, “तो चिखल नव्हता. ती मंडळी होती.”

आक्काचा चेहरा उतरला. मग एकदम चढला. “मंग तुम्ही सांगायचं व्हतं की! मी रोज जेवाया घालती, मला काय म्हाईत ती खाली बसलेली अस्त्यात? मला वाटलं, पाण्यात अस्त्यात. ती घाण वाटली मला!”

“माझं चुकलं,” सर म्हणाले. त्यांनी इतक्या पटकन चूक कबूल केलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि आक्कांनीही नाही, कारण त्यांची पुढची तीन वाक्यं तोंडातच राहिली.

मग सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. टाक्या तीन-तीनदा साध्या पाण्याने धुवून घेतल्या, पावडरीचा अंश राहू नये म्हणून. आणि शेडमागच्या चरात उतरले. मीही उतरलो. आक्का उतरल्या. रामनाथ बांधावर उभा राहून बघत होता. तक्रारदारच तो, त्याला मजा वाटायला हवी होती. पण थोड्या वेळाने तोही घमेलं घेऊन आला. “सर, माझ्या बाजूला चिखल जास्त काळा हाय,” म्हणाला, वर दात काढून. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघांनी घमेली वाहिली. त्या संध्याकाळी माझे पाय घोट्यापर्यंत जांभळे झाले, आणि घरी बायकोने मला महिनाभर चपला घरातही घालायला लावल्या.

शनिवारी पेज, रविवारी पेज. सर नाशिकला गेलेच नाहीत. रविवारी दुपारपर्यंत पाणी लाल. संध्याकाळी केशरी. सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर फिकट पिवळं! बाया टाळ्या वाजवायला लागल्या. आक्कांनी खाली वाकून टाकीला हात जोडले.

सर मात्र पेल्यातल्या मुगांकडे बघत होते. दुसऱ्या टाकीतल्या पाण्यावर शनिवारी सकाळीच भिजत घातलेले दहा मूग. एकालाही मोड नव्हता.

अकरा वाजता साहेब आले. तरुण होते, सरळ होते, घाईत होते. टाकीत डोकावले, बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरलं. “वा! मावशी, हे तर फार छान केलंत. रंगच नाही. मी नोंद करतो, काम चालू ठेवा.” खिशातून पेन निघालं. आक्का चहा आणायला वळल्या. चारही बायांनी श्वास सोडला. मीही सोडला. आणि मागून आवाज आला.

“लिहू नका!”

मी हातातली बाटली झटकन खाली ठेवली. मला वाटलं, पुन्हा माझंच काहीतरी हललं.

सर पुढे आले. पेला साहेबांच्या हातात दिला. “रंग गेलाय, साहेब. पाणी चांगलं झालेलं नाही. पहिल्या टाकीतल्या मंडळींनी काम केलं. दुसऱ्या टाकीतली अजून वाढलीच नाहीत, त्यांना वेळ लागतो. हे मूग बघा. हे पाणी आज सोडलं तर यांच्या,” त्यांनी रामनाथकडे बोट केलं, “यांच्या विहिरीत दिसणार नाही असं काहीतरी जाईल. गुलाबी होतं तोवर त्यांना कळत तरी होतं.”

साहेब पेल्याकडे बघत राहिले. मग सरांकडे. “सर, मला वाटलं तुम्ही मावशींच्या बाजूचे आहात.”

“आहे ना.”

“मग?”

“मी मुगाच्याही बाजूचा आहे.”

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं आणि लिहिलं. पंधरा दिवस. तोवर पाण्याचा एक थेंब बाहेर सोडायचा नाही. थेंब सोडायचा नाही म्हणजे लड्या धुवायच्या नाहीत, आणि लड्या धुवायच्या नाहीत म्हणजे चुली बंद. चहा आक्कांच्या हातात तसाच राहिला. त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता कोपरापर्यंत रंगलेला तो हात उठतो. हात उठला नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि आत गेल्या. पंधरा दिवस त्या सरांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सर मात्र दर दिवसाआड येवल्याला. कॉलेज सुटलं की बस. पेज आता तेच करत, आक्काच्या घरच्या चुलीवर, आक्का समोर बसलेल्या, न बोलता. पेज पातळ झाली तर त्या फक्त नाक मुरडत. सर पाणी कमी करत. चार बायांपैकी दोघी कांद्याच्या खळ्यावर रोजाने गेल्या होत्या. सर हे बघत होते, पेज ढवळत होते. एकदा परतीच्या बसमध्ये ते मला म्हणाले, “देवरे, मी गप्प बसलो असतो तर?”

मी म्हटलं, “तर चुली चालू असत्या, सर.”

“हो,” ते म्हणाले. “आणि रामनाथ पाणी प्यायला असता.” मग नाशिक येईपर्यंत त्यांनी गटारांचा विषयही काढला नाही. यावरून ओळखा.

त्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि सुरगाण्याकडे गेले. तिथल्या कुठल्याशा ओढ्याकाठी आता चमचा घेऊन बसलेले असतील, अशी माझी खात्री आहे. मी त्यांच्याबरोबर येवल्याला शेवटचा गेलो तो त्या पंधराव्या दिवशी.

साहेब आले होते. दहापैकी नऊ मुगांना मोड आले होते. दहावा मूग मुळातच किडका होता, असं सर साहेबांना पुन्हा पुन्हा पटवत होते. साहेब हसले, लिहिलं, काम चालू करा म्हणाले आणि गेले. रामनाथने बांधावरून हात वर केला. कांद्याच्या खळ्यावर निरोप गेला. दुपारपर्यंत त्या दोघी परत आल्या, पदरांना अजून कांद्याचा वास.

आक्का शेणाची पाटी घेऊन शेडमध्ये आल्या आणि पहिल्या चुलीशी उकिडव्या बसल्या. पंधरा दिवसांत चुलीला तडे गेले होते. सर नेमके तिथेच जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. मला कळलं, भाषण येतंय. ते बसमध्ये तयार केलेलं होतं, कारण वाटेत त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते.

“आक्का,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी बोललो, त्यामुळे तुमचे पंधरा दिवस गेले. या पोरींचे गेले. मी ते परत देऊ शकत नाही. पण तुम्ही मला सांगा, मी गप्प बसायला हवं होतं का? तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन. शिव्या दिल्यात तरी चालेल. पण काहीतरी बोला. मी तुमच्यासमोर उभा आहे.”

शेडमध्ये सगळे थांबले. दोघी बाया हातातली लाकडं धरून उभ्या. मी श्वास धरून.

आक्कांनी वर पाहिलं नाही. शेण-मातीत हात घातला, तड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या,

“उद्या हिरवा लावायचाय. सरका तिकडं, चूल सारवू द्या.”